थोरलीचा आवाज

बेबीताईचा चेहरा गावात कुणाला ठाऊक नव्हता, पण आवाज पोराटोरांनाही पाठ होता. भाजीच्या दुकानात तिनं "अर्धा किलो बटाटे द्या" एवढंच म्हटलं तरी शेजारी टोमॅटो निवडणारी बाई दचकून वर बघायची. समोर दिसायची एक बुटकी, चष्मेवाली, पिशवी काखोटीला मारलेली साधीसुधी बाई. मग त्या बिचारीचा गोंधळ उडायचा. कारण तो आवाज थोरलीचा होता. रोज संध्याकाळी टीव्हीवर लागणाऱ्या परदेशी मालिकेतली ती थोरली सून. तिनं धाकट्या जावेच्या सुपात काय कालवलं आणि आजारी सासऱ्याच्या हातून सही कशी काढली, हे घरोघर माहीत होतं. एकदा तर भाजीवाल्यानं बटाटे तोलता तोलता हात जोडले.

"ताई, एक विनंती आहे. धाकटीला आता सोडा हो. घरात कुणाला घास गोड लागत नाही."

"अहो, मी नुसती बोलते. करते ती दुसरीच," बेबीताई म्हणाली. पण म्हणाली तीही थोरलीच्याच आवाजात, त्यामुळे भाजीवाल्याचा काही विश्वास बसला नाही. वर त्यानं मूठभर मिरच्या फुकट घातल्या.

बेबीताई डबिंग करायची. एका काचेच्या खोलीत उभं राहायचं, एका कानाला हेडफोन, दुसरा कान मोकळा. हेडफोनमधून मूळ परदेशी संवाद ऐकू येणार, समोरच्या पडद्यावर नटीचे ओठ हलणार, आणि हातातल्या कागदावर आपल्या भाषेतलं वाक्य. ते वाक्य त्या ओठांत नेमकं बसवायचं. पोट रिकामं ठेवून चालत नाही, कारण भुकेलं पोट गुरगुरतं. भरूनही चालत नाही, ढेकर येतो. माईकला दोन्ही ऐकू येतं. आणि मालिका अशी की त्यात माणसं सदानकदा जेवणाच्या टेबलाशीच! तळ्याकाठी हॉटेल चालवणारं घराणं होतं ते. भांडण झालं तर टेबलावर, सोयरीक जुळली तर टेबलावर, माणूस मेला तरी सुपाच्या वाडग्यात तोंड घालूनच मेला. अर्धपोटी उभं राहून वर्षानुवर्षं दुसऱ्यांची जेवणं बघायची म्हणजे काय असतं, ते तिलाच माहीत.

म्हणून तिच्या मनात नाना प्रश्न साठले होते. ते वाफाळतं सूप कशाचं असेल? थोरली पाव कापत नाही, तोडते. तिकडे तशीच रीत आहे की हिचाच फणकारा? आणि "नोये" म्हणजे काय? हा छोटासा शब्द थोरलीच्या तोंडी सतत असायचा. खुर्चीवर बसताना नोये, उठताना नोये, एखाद्याचं वाटोळं करून झालं की पदर झटकल्यासारखं नोये. स्टुडिओतून येणाऱ्या कागदावर त्याचं कधी "बरं" व्हायचं, कधी "पुरे", कधी "बघून घेईन". शब्दकोशात तो सापडत नव्हता. भाषांतरकाराला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, प्रसंग बघून ठोकून देतो मी. तुम्हीही ठोका."

त्या भाषेतली शेकडो वाक्यं बेबीताईला तोंडपाठ झाली होती आणि अर्थ एकाचाही सुटा सांगता आला नसता. पण एक गोष्ट तिनं स्वतः हेरली होती. खोटं बोलायच्या आधी थोरली नाकातून एक बारीक श्वास घ्यायची. इतका बारीक, की टीव्हीसमोर बसलेल्याला कळणारही नाही. हेडफोनमध्ये मात्र स्पष्ट यायचा. बेबीताईनं तोही उचलला. इतका उचलला की एकदा नवऱ्यानं विचारलं, "माझा डबा आवडीनं करतेस ना गं?" तिनं नाकातून श्वास घेतला आणि "हो तर" म्हणाली. तेव्हापासून तिचा नवरा, त्याचं चष्म्याचं दुकान होतं, दुपारी दुकानाशेजारच्या खानावळीतच जेवू लागला.

मालिका संपली. शेवटच्या भागाचं डबिंग झालं, रेकॉर्डिस्टनं पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, आणि बेबीताई घरी आली ती उदासच. काम जाईल याची काळजी नव्हती, दुसऱ्या दोन मालिका रांगेत होत्या. पण इतकी वर्षं ज्या बाईच्या घशात आपण घर केलं, ती टीव्हीबाहेर कशी हसते, कशी खोकते, चहा पिते की कॉफी, यातलं काहीच आपल्याला कळणार नाही, याची चुटपुट लागून राहिली.

"मग जाऊन भेट की एकदाची," नवरा म्हणाला. "नाहीतर इथं बसून मला छळशील."

आणि बेबीताईची आत्या तर पिशवी भरूनच बसली होती. आत्यानं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. नद्या, घाट, खिंडी, सगळं छडी लावून नकाशावर दाखवलं, पण स्वतः कधी सरहद्द ओलांडली नव्हती. "बेबे, मी येणार. तू तुझी नटी बघ, मी माझे डोंगर बघते," ती म्हणाली आणि विषय संपला.

भाषांतरकारानं तिकडच्या लोकांशी पत्रव्यवहार केला. नटीकडून उत्तर आलं की तुम्हाला भेटायला मला फार आवडेल, दुपारी एकत्र जेवू, आणि दुभाषी मी बघते.

तिकडे उतरल्यावर आगगाडीच्या प्रवासात आत्या खिडकी सोडायला तयार नव्हती. डोंगर दिसू लागले तशी ती गप्प झाली. बेबीताईला वाटलं, हिला गाडी लागली.

"काय झालं गं आत्या?"

"काही नाही. नकाशात हे तपकिरी असतात," आत्या हळूच म्हणाली. "पोरांना तपकिरी रंगवायला लावले मी. हे तर निळे आहेत."

स्टेशनवर दुभाषी न्यायला आले होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, अतिशय अदबशीर गृहस्थ. तरुणपणी कुठल्याशा विद्यापीठात ते आपल्याकडची भाषा शिकले होते, आणि तीही जुन्या जाडजूड पुस्तकांतून. कंबरेत वाकून ते म्हणाले, "सुस्वागतम्. प्रवासात आपणांस क्लेश तर झाले नाहीत ना? आपण प्रथम जलपान कराल काय?"

आत्यानं बेबीताईकडे बघितलं. "हे चहाचं विचारतायत का?"

"होय, होय. चहा."

"अहो, मग 'चहा घेणार का' एवढंच म्हणा ना! जलपान म्हटलं की मला वाटतं आता लांबलचक भाषण ऐकावं लागणार."

"क्षमस्व," दुभाषी म्हणाले, आणि चालता चालता स्वतःशीच पुटपुटत राहिले, "चहा घेणार का. चहा घेणार का."

नटीनं जेवायला बोलावलं होतं ते हॉटेल मोठं, उंच छताचं, पांढऱ्या चादरीच्या टेबलांचं. ती कोपऱ्यात आधीच येऊन बसली होती. दारातून तिला बघितलं आणि बेबीताई जागीच थबकली. तीच मान, तीच भुवई, तीच पातळ जिवणी. या जिवणीत तिनं इतके शब्द भरले होते की तिला ती आपल्याच घरच्या दाराची फट वाटली. नटी उठली, दोन्ही हात पुढे केले, बेबीताईला जवळ घेतलं. पण बोलली काहीच नाही, फक्त हसली.

वेटर आला. नटीनं मेनूवर बोट ठेवून दाखवलं, हे, हे आणि हे. तोंडानं अवाक्षर नाही. बेबीताईला वाटलं, मोठी माणसं, त्यांना बोलायची गरज काय. दुभाष्यांनी विचारलं, "आपणांस मद्य... म्हणजे, दारू घेणार का?"

"आत्ता कसं बोललात," आत्या म्हणाली. "थोडीशी चव बघते. भूगोलाच्या पुस्तकात 'द्राक्षांचा प्रदेश' म्हणून धडा होता." लाल वाइनचा एक घोट घेऊन तिनं बराच वेळ विचार केला. "औषधासारखी लागते," ती म्हणाली, "पण कुठल्या रोगावरचं ते कळत नाही." तरी पेला मात्र तिनं स्वतःपाशीच ठेवला.

मग वेटर बेबीताईकडे वळला. तुम्हाला काय आणू? आता थोरलीच्या तोंडचं एक वाक्य त्या देशात म्हणे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. "सूप आणा, आणि गरम आणा." दर दोन-चार भागांआड यायचंच. बेबीताईला ते मूळ भाषेत येत होतं, सुरासकट. तिला वाटलं, जरा गंमत करू. तिनं हनुवटी वर केली आणि म्हणाली. त्यांच्या भाषेत, थोरलीच्या थंड, काचेसारख्या आवाजात.

आसपासचे काटे-चमचे थांबले. पाच-सहा टेबलांवरच्या माना वळल्या. आणि वेटर बेबीताईकडे न बघता नटीकडे वळून कमरेत वाकला. "आणतो, बाईसाहेब."

बेबीताईला हसू आलं. पण नटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती बेबीताईकडे अशी टक लावून बघत होती, जणू हिनं तिच्या पर्समध्ये हात घातला होता.

"माझं काही चुकलं का?" बेबीताईनं दुभाष्यांना विचारलं. "त्यांना सांगा, मला फार दिवसांपासून एक विचारायचं होतं. खोटं बोलायच्या आधी त्या नाकातून श्वास का घेतात? मला तो इतका आवडला, की मी सगळीकडे तसाच ठेवला."

दुभाष्यांनी सांगितलं. नटीच्या भुवया जवळ आल्या. तिनं डावीकडे-उजवीकडे बघितलं, पुढे झुकली, आणि अगदी दबक्या आवाजात दुभाष्यांशी काहीतरी बोलली. तेव्हा बेबीताईनं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. जाड, खर्जातला, घशात खडे घोळवल्यासारखा. शब्दांचे शेवट ओढत नेणारा.

"त्या म्हणतात, असा श्वास आपण कधीच घेत नाही," दुभाषी म्हणाले.

बेबीताईनं हातातला पाव खाली ठेवला. "आत्या," ती म्हणाली, "हा तो आवाज नाही."

"म्हणजे गं?"

"म्हणजे मी ज्यांच्या मागून बोलत आले, त्या या नाहीतच."

दुभाषी अवघडले. "हे त्यांना सांगणे उचित होईल काय?"

"सांगा," बेबीताई म्हणाली. "रागावल्या तर मी माफी मागेन. पण एवढ्या लांब येऊन हे न विचारता परत गेले, तर मला झोप लागायची नाही."

नटी रागावली नाही. सूप आलं, निवत गेलं, आणि तिनं खालच्या आवाजात सगळं सांगितलं. ती डोंगराकडची. तिची बोली शहरातल्या लोकांना गावंढळ वाटते. मालिकेच्या पहिल्याच दिवशी निर्माता म्हणाला, चेहरा महालातला आहे आणि आवाज गोठ्यातला. त्यांनी तिच्या तोंडी दुसऱ्या बाईचा आवाज घातला आणि याची वाच्यता करायची नाही म्हणून दोघींकडून लिहून घेतलं. मालिकेनं नाव मिळवलं तसं नटीचं बाहेर बोलणंच बंद झालं. दुकानात बोट दाखवायचं, हॉटेलात बोट दाखवायचं. मुलाखती नाहीत. लोक म्हणतात, केवढा तोरा आहे!

"मी बोलले की माना वळतात," बेबीताई म्हणाली, "आणि यांना बोलायचीच चोरी. काय गंमत आहे बघ."

"गंमत कसली," आत्या म्हणाली. "कुणी मला गोठ्यातला आवाज म्हटलं असतं ना, तर त्याला नकाशाच्या गुंडाळीनं बडवला असता."

दुभाष्यांनी तेवढं मात्र कुणी न सांगताच भाषांतर करून सांगितलं. नटी मोठ्यांदा हसली आणि लगेच तोंडावर हात धरला.

"ती दुसरी बाई कुठं राहते?" बेबीताईनं विचारलं.

नटीनं चमचा खाली ठेवला. शहरातच, म्हणाली. पत्ता माहीत आहे. सुरुवातीला एक-दोनदा स्टुडिओत भेट झाली, पुढे नाहीच. घरी कधी गेले नाही. मग तिनं तोंड पुसलं, खुर्ची मागे सारली आणि एक छोटंसं वाक्य बोलली.

"त्या म्हणतात," दुभाषी म्हणाले, "चला, मीसुद्धा येते."

टॅक्सीनं ते शहराच्या पलीकडच्या टोकाला आले. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर अरुंद जिना, जिन्यात कुणाच्या तरी कांदा परतण्याचा वास. आत्या कठड्याला धरून चढत होती. दारावर नटीनंच टकटक केलं आणि मग घाबरल्यासारखी मागे सरकली. त्यामुळे दाराशी बेबीताई उभी राहिली.

आतून पावलं वाजली आणि एक आवाज आला, "कोण आहे?"

तोच! हेडफोनशिवाय, मधे काच नाही, तार नाही, लाकडाच्या एका फळीपलीकडे. बेबीताई दाराजवळ सरकली. आणि इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय, तिच्या तोंडून आपोआप आपल्या भाषेत निघून गेलं, त्याच सुरात, पाव क्षण मागून, "कोण आहे?"

आतली पावलं थांबली. मग पुन्हा तो आवाज, जरा चढा, "कोण बोलतंय?"

"कोण बोलतंय?" बेबीताई म्हणाली. तिला थांबताच येईना.

दार उघडलं. केस पिकलेली, ॲप्रन बांधलेली, बोटांना पीठ लागलेली एक जाडजूड बाई उभी होती. तिनं बेबीताईला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग मागे उभी असलेली नटी तिला दिसली. तिनं काही विचारलं नाही. पिठाच्या हातानंच बेबीताईचा हात धरला, आत ओढलं आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. दुभाष्यांनी ओळख करून देईपर्यंत तिला सगळं कळलं होतं.

ती म्हणाली, "मला नेहमी वाटायचं, माझ्या मागून कोण बोलत असेल? आमची मालिका कुठल्या कुठल्या देशांत गेली म्हणतात. मी रेकॉर्डिंग करताना कधी कधी मुद्दाम वाक्य जरा सावकाश संपवायचे. म्हटलं, मागून येणारीला धाप लागायला नको."

"ते तुम्ही होता होय!" बेबीताई ओरडलीच. "अहो, मला कळायचं ते! त्या वाक्यांना मी मनातल्या मनात नमस्कार करायचे."

मग चहा झाला. त्या स्वयंपाकघरात जेमतेम चार खुर्च्या होत्या, त्यामुळे दुभाषी खिडकीच्या कट्ट्यावर कप घेऊन बसले. आवाजवालीनं दुपारचं सूप गरम करून दिलं. बेबीताईनं वाडगा दोन्ही हातांत धरला आणि एवढ्या वर्षांचा पहिला प्रश्न सोडवायला घेतला. बटाटे, कांदा आणि भरपूर मिरी. बस्स, एवढंच.

"आणि थोरली पाव कापत का नाही? तोडते का?"

यावर नटीनंच उत्तर दिलं. टेबलावरच्या सुऱ्या नकली होत्या, लाकडाच्या. त्यांनी लोणीसुद्धा कापलं जायचं नाही.

"आणि नोये म्हणजे काय हो?"

दुभाषी म्हणाले, "त्याचे मला स्वतःलाही कुतूहल आहे. हा शब्द आमच्या भाषेत पूर्वी नव्हता. आता तरुण मंडळी उठता बसता म्हणतात. कपांवर छापलेला मिळतो. एका प्राध्यापकांनी त्याच्या व्युत्पत्तीवर निबंध लिहिला आहे."

आवाजवाली खो-खो हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला. नटीच्या ओठांची हालचाल तिच्या बोलीप्रमाणे व्हायची, ती म्हणाली. वाक्य सुरू व्हायच्या आधीच तोंड उघडलेलं असायचं. त्या उघड्या तोंडात काहीतरी घालणं भाग होतं. "तेव्हा आमच्याकडे एक मांजर होतं. त्याचं नाव नोये. दिवसभर त्याला हाका मारून माझ्या जिभेवर बसलेलं. तेच घातलं. एकदा घातलं, दोनदा घातलं, मग लोकांना आवडलंच."

"मांजर?" बेबीताई म्हणाली. "आम्ही तुमच्या मांजराचं 'बघून घेईन' केलं?"

आता नटीही तोंडावर हात न धरता हसत होती. तिचा तो डोंगरी आवाज त्या छोट्या खोलीत घुमत होता. आत्या म्हणाली, "हा आवाज काय वाईट आहे? उलट भरीव आहे. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल."

हे हसणं कसं थांबलं ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. नटीनंच काहीतरी विचारलं, टेबलावरच्या पिठात बोटानं रेघा ओढत. आवाजवालीनं खांदे उडवले, थोडक्यात उत्तर दिलं आणि कप उचलून मोरीत ठेवले.

"काय म्हणाल्या?" बेबीताईनं विचारलं.

दुभाषी घुटमळले. "बाईंनी विचारले की मालिकेत तुमचे नाव कधीच आले नाही, याचा तुम्हाला राग आहे काय. आणि त्या म्हणाल्या, मुळीच नाही. मला काही वाटत नाही."

बेबीताईला शब्द कळले नव्हते. पण त्याच्या आधीचा तो बारीक श्वास तिनं ऐकला होता. बेबीताईचं स्वतःचं नाव तरी शेवटच्या पाट्यांत, डोळ्याची पापणी लवायच्या आत का होईना, धावत जायचं. दिवाळखोर का होईना पण दुकान स्वतःच्या नावावर, असं तिचा नवरा म्हणायचा. या बाईचं तर नावच नाही कुठं.

"खोटं बोलतायत त्या," बेबीताई म्हणाली.

दुभाष्यांनी कप खाली ठेवला. "हे... हे मी सांगू?"

बेबीताई घुटमळली. पाहुणी म्हणून आलेय, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्यांच्या भानगडीत कशाला नाक खुपसा. पण आत्या म्हणाली, "सांगा हो. कुणीतरी सांगायलाच हवं."

त्यांनी सांगितलं, श्वासाचंही सांगितलं. आवाजवाली मोरीकडे तोंड करून तशीच उभी राहिली. नळ चालू होता. मग तिनं नळ बंद केला आणि वळली, आणि जे बोलू लागली ते थांबेचना. दुभाष्यांनी भाषांतर करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. बेबीताईनं नुसतं ऐकलं. मालिकेत थोरली कधी अशी बोलली नव्हती. शब्दांवर शब्द चढत होते, मधेच आवाज फाटत होता. नटीनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती आपल्या जाड आवाजात एवढंच म्हणाली, जे दुभाष्यांनी निघताना जिन्यात सांगितलं, "मला तुझ्या आवाजाची भीती वाटायची. तो गेला तर माझ्याकडे काय उरेल?"

त्या दिवशी कुणी कुणाला वचनबिचन दिलं नाही. आवाजवालीनं सगळ्यांना पावाचा एकेक तुकडा बांधून दिला, नटीलाही दिला, पण तिच्याकडे बघितलं नाही. आत्यानं आपली तिखटाची डबी तिच्या ओट्यावर ठेवली आणि खुणेनं बजावलं, सुपात, चिमूटभरच.

घरी परतल्यावर बेबीताईला काही दिवस रुखरुख होती. आपण नको तिथं बोललो का? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "बोललीस ते बोललीस. आता बटाटे आण."

दोन-तीन महिन्यांनी स्टुडिओतून फोन आला. रेकॉर्डिस्ट जाम खुशीत होता. "ताई, तुमच्या थोरलीची मुलाखत आलीय! तिकडे म्हणे नुसता गदारोळ उडालाय. आपल्या चॅनेलनं विकत घेतलीय. उद्या सकाळी या, सगळं काम तुमचंच."

बेबीताई गेली. हेडफोन चढवला. पडद्यावर एका कोचावर दोघी बसल्या होत्या, नटी आणि आवाजवाली. आवाजवालीनं केस कापले होते आणि ॲप्रन नव्हता, त्यामुळे आधी ओळखूच आली नाही. नटी आपल्या डोंगरी बोलीत, शब्दांचे शेवट ओढत, सगळं सांगत होती. मुलाखत घेणाऱ्याला हसू आवरत नव्हतं, मग हळूहळू आवरलं. दोघी एकमेकींकडे फारसं बघत नव्हत्या. मैत्रिणी झाल्या असं काही दिसत नव्हतं. पण आवाजवालीच्या खाली तिचं नाव लिहून आलं, ठळक, आणि बराच वेळ तिथं राहिलं.

"चला ताई, नटीपासून घेऊ," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"नटीला मी नाही," बेबीताई म्हणाली. "त्या शेजारी बसल्यात ना, त्यांना मी."

"अहो ताई, असं कसं? लोकांना थोरलीच्या तोंडून तुमचाच आवाज ऐकायची सवय आहे. दुसरा आला तर फोन करकरून आमचं डोकं खातील."

"खाऊ देत. मुलाखतीत तेच तर सांगतायत त्या दोघी. तुम्ही नीट ऐकलं का? नटीसाठी कुणीतरी खर्जातली बघा. गावाकडची बोली बोलणारी. आणि तिची बोली सरळ करायला जाऊ नका."

रेकॉर्डिस्टनं कपाळाला हात लावला, पण शोधली. कॅन्टीनच्या मालकाची बहीण होती, भांड्यांच्या दुकानात बसायची, रस्त्याच्या त्या टोकाला हाक मारली तर या टोकाला ऐकू यायची. आधी ती लाजली, मग माईकसमोर उभी राहिली आणि पहिल्याच वाक्याला काच थरथरली. बेबीताई शेजारी उभी राहून तिला खुणा करत होती, आता बोल, आता थांब.

मुलाखत लागली त्या रात्री फोन आलेच, पण चॅनेलला वाटलं होतं तितके नाहीत. भाजीवाल्याचा तर पुढे आठवडाभर तोच विषय होता. "म्हणजे ताई, थोरली एक नाही, तीन बायका?" तो पुन्हा पुन्हा विचारायचा. "मग धाकटीला छळलं कुणी नक्की?"

"लिहिणाऱ्यानं," बेबीताई म्हणाली.

उन्हाळ्यात आवाजवाली इकडे येणार आहे, असं दुभाष्यांनी कळवलं. सोबत तेही येतायत. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "आम्ही येतोय. बाकी काय, मजेत ना?" आत्यानं ते वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि चष्मा काढून म्हणाली, "सुधारला हो माणूस." मग ती उठली, अडगळीच्या खोलीतून शाळेतला जुना मोठा नकाशा शोधून काढला आणि बेबीताईला निळा रंग आणायला दुकानात पिटाळलं.